पोर्ट उघडायला अडीच हजार, बंद करायला सहा हजार

डिचोलीला घरी आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला. त्याच्या हट्टापायी गेल्या वर्षी चार कॅमेरे बसवले. बसवणारा म्हणाला, बाहेरून मोबाइलवर बघायचं तर राउटरचे पोर्ट, म्हणजे आत यायची नंबर घातलेली दारं, उघडावी लागतात, त्याचे वेगळे २,५०० रुपये. बिलावर लिहिलंही, ‘पोर्ट ओपनिंग : ८०००, ५५४’. मुलाला पुण्यात अंगण दिसलं आणि आम्ही निश्चिंत झालो.

पावसाळ्यात नेट रेंगाळायला लागलं म्हणून पुन्हा त्यालाच बोलावलं. त्याने माझा लॅपटॉप मांडीवर घेतला, एक काळी खिडकी उघडून ‘नेटस्टॅट’ असं काहीतरी टाइप केलं. भराभर ओळी सरकल्या. एकीवर बोट ठेवून म्हणाला, “टीचर, हें पळयात. लिसनिंग! म्हणजे कोणीतरी ऐकतंय.” वर रकान्याचं नाव ‘फॉरेन ॲड्रेस’. फॉरेन! माझं बँकेचं सगळं त्याच लॅपटॉपवर. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, घालून पोर्ट बंद करायचे ६,००० सांगितले, मी तिथल्या तिथे यूपीआय केलं. हे पोर्ट उघडले कोणी होते, हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला.

चवथीला भाचा आला. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. गणपतीवरची माटोळी बांधून उतरला आणि त्याच स्टुलावर बसून त्याने राउटरचं सेटिंगचं पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. “मावशी, ८००० आणि ५५४ अजून इथंच आहेत. त्याने काढलेच नाहीत. पण ते कधी उघडलेही नव्हते.”

राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता असेल, तर इंटरनेटवाल्याने एकच पब्लिक पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. बाहेरून आलेली हाक आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही, पोर्ट उघडायच्या (‘पोर्ट फॉरवर्डिंग’च्या) पानावर काहीही भरा. मग कॅमेरे दिसत कसे होते? कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो, ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. भाच्याने दोन्ही ओळी उडवल्या आणि पुण्याला फोन लावला. अंगण दिसतच होतं.

‘लिसनिंग’ म्हणजे लॅपटॉपमधलाच एखादा प्रोग्रॅम कोणी जोडायला येईल म्हणून थांबलेला. १३५ आणि ४४५ जवळपास प्रत्येक विंडोजवर तसेच दिसतात. फॉरेन ॲड्रेस म्हणजे समोरच्या टोकाचा पत्ता, आणि त्यातल्या काही ओळींत चक्क १२७.०.०.१ होता, म्हणजे माझाच लॅपटॉप! राउटरची फायरवॉल पहिल्यापासून चालूच होती. त्याने घातलेली ‘फायरवॉल’ म्हणजे ३० दिवसांचा फुकट अँटिव्हायरस.

खरं भोक निराळंच होतं. राउटर आणि रेकॉर्डर दोघांचाही पासवर्ड ‘ॲडमिन’, त्यानेच ठेवलेला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, हे भाच्याकडून कळलं. आमच्या पासवर्डना हात लावायचं मात्र साडेआठ हजारांत बसलं नव्हतं.

तुमच्याकडे कोणी पोर्टचे पैसे मागितले, तर राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता आणि गूगलवर ‘माझा आयपी’ शोधून दिसणारा पत्ता त्याच्यासमोरच ताडून बघा. वेगळे निघाले तर चहा पाजून वाटेला लावा.

दोन्ही बिलं घेऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. त्याआधी बसवणाऱ्याने एकदाच फोन उचलला. म्हणाला, “टीचर, पोर्ट बंदच आहेत ना? मग?”