पर्पलएअर पीए-२: धुराला पक्का, दमट हवेत फुगणारा, धुळीला आंधळा

डोंगरांच्या कुशीतल्या छोट्या गावात हवा मोजणारं अधिकृत केंद्र बहुधा नसतंच. जवळच्या शहरात असलं आणि मधे डोंगर आडवा असला, तर त्या आकड्याचा गावाला काडीचा उपयोग नाही. अशा जागी पर्पलएअर कंपनीचं पीए-२ हे हवेतले बारीक कण मोजणारं कामाचं यंत्र आहे, पण ऋतू बघून त्यावर विश्वास ठेवायचा.

आत प्लँटॉवर कंपनीचे दोन पीएमएस५००३ लेसर सेन्सर आहेत. छोटा पंखा हवा ओढतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि दर दोन मिनिटांनी सरासरी मिळते. खरी किंमत वसूल होते ती हिवाळ्यात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते, ओघळत खाली येते आणि दरीत साचते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि चुली-शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. आलेखात हे स्वच्छ दिसतं: सूर्यास्तानंतर चढ, रात्रभर पठार, सकाळी पुन्हा वर्दळ सुरू झाली की दुसरं शिखर, आणि ऊन तापून झाकण सुटलं की धाडकन उतार. चोवीस तासांच्या सरासरीत हे सगळं सपाट होऊन जातं.

जमत असेल तर दोन यंत्रं घ्या: एक दरीच्या तळाशी, दुसरं शंभरेक मीटर वर उतारावर. पहाटे वरचं तापमान खालच्यापेक्षा जास्त आणि वरचा पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण) कमी असेल, तर झाकण बसलंय असं समजा. डब्याच्या आतल्या उष्णतेमुळे यंत्र तापमान साधारण ८ अंश फॅरनहाइट जास्त दाखवतं, पण दोन्हीकडे चूक जवळपास सारखीच असल्याने फरक वापरता येतो. ऊन पडल्यावर मात्र ही तुलना करू नका.

आता दोष. यंत्राचा पीएम २.५ चा कच्चा, म्हणजे न सुधारलेला, आकडा धुरात बऱ्याचदा खऱ्याच्या दुपटीच्या घरात जातो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि यंत्राला हवा आहे त्याहून घाण वाटते. धुक्यात तर विचारूच नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, २०२१ सालचं सूत्र इथे उपयोगी पडतं: कच्च्या आकड्याला (यंत्राच्या नोंदींतला ‘सीएफ-१’ नावाचा रकाना) ०.५२४ ने गुणा, त्यातून सापेक्ष आर्द्रतेची ०.०८६२ पट वजा करा, मग ५.७५ मिळवा. आकडा १०० आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर उत्तर येतं सुमारे ५२. आर्द्रताही यंत्रानेच दाखवलेली घ्या, बाहेरच्या हवामान केंद्राची नको. सूत्र तसंच बसवलेलं आहे. एवढी आकडेमोड नको असेल तर पर्पलएअरच्या ऑनलाइन नकाशावर ईपीएचं रूपांतर निवडलं की झालं. धूर फारच दाटला, कच्चा आकडा ३४० च्या पुढे गेला, की हे सरळ सूत्र कमी दाखवू लागतं.

उन्हाळी धुळीचं दुखणं वेगळं, आणि त्यावर सूत्राचा इलाज नाही. जाड कण या सेन्सरला नीट दिसतच नाहीत. रस्त्यावर धुरळा उडतोय, डोळे चुरचुरताहेत आणि पडद्यावर आकडा छान हिरवा, असं होऊ शकतं. त्याच्या पीएम १० च्या (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) रकान्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

लावताना भिंतीचा वळचणीचा भाग निवडा, श्वासाच्या उंचीच्या आसपास. स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ किंवा गाड्या उभ्या राहतात तिथे लावलात तर गावाची नाही, फक्त तुमच्या अंगणाची हवा मोजाल. ए आणि बी वाहिन्यांचे, म्हणजे आतल्या दोन सेन्सरचे, आकडे रोज ताडून बघा. दोन्हींत ५ मायक्रोग्रॅमहून आणि शिवाय ६० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ती नोंद टाकून द्या. बहुतेक वेळा आत कोळी किंवा धाग्यांचा गुंता अडकलेला असतो. दाबाच्या हवेचा हलका फवारा मारा. सेन्सर उघडून लेसरशी खटपट नको. फरक तरी राहिला तर तो सेन्सरच बदलावा लागतो.

वाय-फाय बेभरवशाचं असेल तर एसडी कार्डवाली आवृत्तीच घ्या. वीज गेली की मात्र तीही बंद, कारण आत बॅटरी नाही.