स्पिटफायरचा पंख: अखंड की दोन तुकड्यांत?
दीड मीटर पंखविस्ताराच्या आरसी (रेडिओ-नियंत्रित) स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेल-किटला अखंड पंख जोडायला सोपा: पुढे लाकडी खुंटी, मागे दोन नायलॉन बोल्ट, झालं. वजनही कमी. पण गाडीत तो आडवा मावत नाही.

दोन तुकड्यांना कार्बन नळी, ती ज्यात सरकते ती बाही आणि मागे पंख फिरू न देणारी पिन लागते. खरी मेख इथे आहे. पंख 6 अंश वर उचललेले, नळी मात्र सरळ. म्हणून रिबमधलं (पंखाला आकार देणाऱ्या पट्टीतलं) नळीचं भोक टोकाकडे जाताना दर 100 मिलिमीटरला सुमारे 10 मिलिमीटर खाली सरकतं. ही भोकं किटमध्ये लेझरने कापूनच द्यावीत. बाही चिकटवताना नळी मेण चोळून आत ठेवावी. नाहीतर इपॉक्सी गोंद झिरपून ती कायमची अडकते. पिन किंचित चुकली तरी दोन पंखांचे कोन वेगळे होतात आणि विमान एका बाजूला कलंडतं. तरीही गाडीत मावावा म्हणून किटमधला पंख दोन तुकड्यांचाच असावा.