नवा अ‍ॅनिमोन टाकीत सोडताना: थेंब पद्धत बरी की थेट पद्धत?

मुंबई-पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून सोलापुरात पोहोचलेला अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन प्रकारे सोडता येतो. थेंब पद्धतीत तो पिशवीतल्या पाण्यासह बादलीत काढतात आणि टाकीचे पाणी बारीक नळीने त्यात थेंबाथेंबाने सोडत राहतात; सलाईनची नवी नळी या कामाला उत्तम चालते. थेट पद्धतीत बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवतात आणि तापमान जुळताच पिशवीतले पाणी टाकून देऊन अ‍ॅनिमोन टाकीत ठेवतात.

थेंब पद्धतीचा खरा फायदा खारेपणाच्या बाबतीत आहे. बहुतेक माशांना जमते तसे शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतंत्रपणे राखणे अ‍ॅनिमोनला जमत नाही, म्हणून खारेपणातील अचानक फरक थेट त्याच्या पेशींवर आदळतो. माशांवरील परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून काही विक्रेते पाण्याची घनता (म्हणजेच खारेपणाचे माप) १.०२० च्या आसपास ठेवतात, तर अ‍ॅनिमोनच्या टाकीत ती १.०२५ ते १.०२६ असावी लागते. एवढी तफावत असताना थेट पद्धत वापरणे मला धोक्याचे वाटते.

मात्र लांबच्या प्रवासानंतर हीच थेंब पद्धत उलटू शकते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. अशा पाण्यात अ‍ॅनिमोनला तासभर ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेताना त्यालाच इजा करणे होय. त्यातच सोलापूरचा एप्रिल-मे असेल, तर चिलरवर (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावर) २६ अंशांना राखलेल्या टाकीचे पाणी उघड्या बादलीत बघता बघता तापते. म्हणून त्या दिवसांत बादलीऐवजी थर्माकोलची पेटी वापरणे इष्ट.

म्हणून निर्णय रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) सोपवावा. पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याच्या घनतेत ०.००२ पेक्षा कमी फरक असेल, तर मी थेट पद्धतच सुचवेन. फरक जास्त आणि प्रवास थोडाच असेल, तर थेंब पद्धत योग्य ठरते. दोन्ही अडचणी एकत्र आल्या, तर टाकीचे थोडे पाणी आरओचे पाणी मिसळून पिशवीइतक्याच खारेपणाचे करावे, अ‍ॅनिमोन लगेच त्यात हलवावा आणि मग थेंब सुरू करावेत. यात थोडी तयारी लागते, पण सर्वांत सुरक्षित मार्ग हाच आहे. नळाचे पाणी मात्र यासाठी वापरू नये. बाष्पीभवनाने घटलेली टाकीची पातळीही आरओच्याच पाण्याने भरावी, नाहीतर उन्हाळ्यात खारेपणा भराभर वाढतो.

पद्धत कोणतीही असो, आधी पिशवीतच अ‍ॅनिमोनचा पाय (चिकटून राहण्याचा तळभाग) आणि मुख नीट पाहावे. पाय फाटलेला असेल, मुख सैल उघडे पडलेले असेल किंवा दुर्गंधी येत असेल, तर तो टाकीत सोडूच नये.

बबल-टिप अ‍ॅनिमोनला खडकातील फट लागते, तर हॅडोनी कार्पेट अ‍ॅनिमोन वाळूत पाय रोवतो. ठेवल्यावर पाय चिकटेपर्यंत प्रवाह मंद ठेवावा आणि सुरुवातीचे काही दिवस प्रकाशही कमी ठेवावा. पंपांच्या तोंडाशी स्पंज किंवा जाळी बसवणे अनिवार्य आहे, कारण जागा शोधत फिरणारा अ‍ॅनिमोन पंपात ओढला गेला, तर त्याच्यासोबत संपूर्ण टाकी दूषित होऊ शकते. तो अधूनमधून आकसला, तर घाबरून हलवू नये. पाय एका जागी स्थिरावून तो नियमित फुलू लागल्यावरच कोळंबीचा बारीक तुकडा द्यावा, आणि क्लाउनफिश (अ‍ॅनिमोनच्या आसऱ्याने राहणारा मासा) आणायचा असेल तर तोही त्यानंतरच.