आगाऊ बुकिंग करायचं की सहा महिने थांबायचं?

ड्रॅगन, जादूगार आणि हजारोंच्या फौजा असलेल्या नव्या स्ट्रॅटेजी गेमचा ट्रेलर आला की हात शिवशिवायला लागतात. आमिषही तसंच असतं. 2016 मध्ये 'टोटल वॉर: वॉरहॅमर' आला, तेव्हा आधी बुकिंग करणाऱ्यांना केऑसची (गेममधल्या एका दुष्ट पक्षाची) अख्खी फौज फुकट मिळाली, उशिरा आलेल्यांना तिचे वेगळे पैसे. शिवाय पहिल्या आठवड्याची मजा निराळीच. कोणता डावपेच चालतो हे कुणालाच ठाऊक नसतं. भालेवाल्यांची रांग घोडदळासमोर टिकते की नाही, हे मार खाऊनच शिकायचं.

थांबणाऱ्याच्या पदरात मात्र जास्त पडतं. याच मालिकेचा तिसरा भाग फेब्रुवारी 2022 मध्ये आला, पण तिन्ही भागांचे नकाशे जोडणारी 'इमॉर्टल एम्पायर्स' मोहीम आली ऑगस्टमध्ये, तीही बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती म्हणून. म्हणजे खरी पंगत सहा महिन्यांनी बसली! वेढ्याच्या लढाईत तटाखाली घुटमळणारी संगणकाची फौजही पॅच (दुरुस्तीचे अपडेट) येतील तशीच शहाणी होते. जुना कॉम्प्युटर असेल तर थांबण्यावाचून गत्यंतरच नाही.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात रिलीजआधी बुकिंग कधीही रद्द करता येतं, हे खरं. नंतर मात्र पैसे परत मिळायला 14 दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ ही अट. असल्या गेममध्ये दोन तास तर पलटणींची माहिती वाचण्यातच जातात.

मी थांबणाऱ्यांतला. ट्रेलर तेवढा चौथ्यांदा बघून झालाय.