काशीत मुक्काम: धर्मशाळा, गेस्ट हाऊस की कॅन्टोन्मेंटचं हॉटेल?

काशीत खोली ठरवताना भाड्याच्या आधी एक गोष्ट विचारा: गाडी कुठपर्यंत येते? विश्वनाथ मंदिर आणि मणिकर्णिकेच्या आसपासच्या गल्ल्यांत चारचाकी सोडाच, रिक्षाही शिरत नाही. गर्दीच्या दिवसांत गाड्या गोदौलिया किंवा मैदागिन या चौकांच्या अलीकडेच अडवतात. पुढे दगडी फरशी, पायऱ्या आणि मध्येच ठाण मांडून बसलेली गाय. चाकांची बॅग तिथे हातात उचलूनच न्यावी लागते. 'घाटापासून दोन मिनिटं' ही जाहिरात बहुतेकदा खरी असते. मोठ्या रस्त्यापासून किती, हे मात्र तिच्यात नसतं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे धर्मशाळा. काही शे रुपयांत खोली मिळते, मंदिर चालत गाठता येतं. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट हा जुना मराठी वस्तीचा भाग, त्यामुळे तिथे मराठी कानावर पडतं. पण नियम कडक: प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, एकट्या माणसाला अनेक ठिकाणी खोली देत नाहीत, रात्री दार लवकर बंद होतं. फोन करताना तीन प्रश्न विचारा: संडास खोलीत आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत? डिसेंबर-जानेवारीत तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

साधारण हजार ते अडीच हजारांत घाटावरची गेस्ट हाऊस येतात. पहाटेच्या गंगेसाठी काशीला जाणाऱ्यांनी इथेच राहावं. मात्र 'गंगा व्ह्यू' म्हणजे पलंगावरून दिसणारी नदी की गच्चीच्या कोपऱ्यातून दिसणारी, याचा फोटो मागवा. इमारती जुन्या, चार-चार मजली, लिफ्ट क्वचितच. माकडांमुळे खिडक्यांना जाळ्या असतात, कपडे बाहेर वाळत घालू नका. मणिकर्णिकेला लागून खोली घेतली तर चिता रात्रंदिवस पेटत्या असतात. धूर खोलीत येतो.

आईवडील बरोबर असतील तर आमचा कौल अस्सी, सोनारपुरा, भेलूपुर या भागाला. दारापर्यंत किंवा दाराजवळ गाडी येते, अडीच ते पाच हजारांत लिफ्टचं हॉटेल मिळू शकतं, आणि अस्सीवर पहाटेची आरती आहेच. विश्वनाथाचं दर्शन मात्र दोन-तीन किलोमीटर लांब पडतं. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे लांब राहणाऱ्यांनी लॉकरचा वेळ धरूनच निघावं. गल्लीत राहणारे फोन खोलीवरच ठेवून जातात.

कॅन्टोन्मेंट आणि नदेसरची मोठी हॉटेलं स्टेशनजवळ, शांत, पार्किंग असलेली. सारनाथलाही जायचं असेल तर सोयीची. पण घाट चार-पाच किलोमीटरवर, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर परतताना रिक्षासाठी गर्दीतून बरंच चालावं लागतं. दोन दिवसांचीच सहल असेल तर एवढे पैसे मोजून गंगेपासून लांब राहण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही.

इथे कराचं गणितही बघा. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, त्यापुढे 18 टक्के. 7,500 ची खोली 7,875 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. शंभराच्या फरकापायी जवळपास अकराशे जास्त!

हौसेला मोल नसेल तर दरभंगा घाटावरचा ब्रिजरामा पॅलेस. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. सामानासह होडीनं थेट पायरीशी उतरायचं, हीच त्याची खरी चैन.

मात्र जुलै ते सप्टेंबरमध्ये गंगा चढली की होड्या बंद होतात, घाट पाण्याखाली जातात आणि घाटावरच्या खोलीची निम्मी किंमत वाया जाते. तेव्हा मुख्य रस्त्याजवळच राहा. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला दर कित्येक पटींनी चढतात आणि रद्द केल्यास बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेचं तिकीट कन्फर्म झाल्यावरच आगाऊ रक्कम भरा.