तुमचा फ्लॅट दुसऱ्यानेच हेवी डिपॉझिटवर दिलाय का? एकदा जाऊन बघा

२,४३,६४० रुपये. एवढे माझे गेले, आणि तेही माझ्याच मालकीच्या घरापायी. मिस्टर अजून म्हणतात, कशाला चव्हाट्यावर आणतेस. पण सध्या नाशिकमध्ये जो तो २०२७ च्या सिंहस्थाचं नाव काढून दुसरा फ्लॅट घेतोय, भाड्याने द्यायला धावतोय, आणि त्यात दुसऱ्याचं घर परस्पर हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी रक्कम घेऊन, देणाऱ्यांचं फावतंय. लाज गिळून लिहितेय.

मी अडाणी नाही हे आधी सांगते. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या पैशातून मुंबई-आग्रा हायवेच्या पलीकडे टू बीएचके घेतला, माझ्या नावावर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीत बाईमाणसाला मिळते ती एक टक्का सवलतही घेतली. टायटल सर्च करून मालकी तपासली, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र बघितलं. घेताना कुठे फसले नाही. फसवलं ते भाड्याने देताना.

भाडेकरू दलालाने आणला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अदबशीर. कुंभाच्या कामाच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, बरोबर तीन इंजिनिअर राहतील म्हणाला. भाडं १३,५००, डिपॉझिट ४०,०००. घासाघीस अजिबात नाही. आता सगळे मला शहाणपण शिकवतात की घासाघीस करत नाही तिथेच ओळखायचं. का बरं? चांगला माणूस वाजवी भाडं मुकाट्याने देतो तेव्हा आपण त्याला चोर म्हणतो का?

करार रजिस्टर करू म्हटलं तर दलाल म्हणाला, मॅडम, साडेचार हजार खर्च येईल, आणि याचा अंगठा मशीनवर लागत नाही, कंपनीत केमिकलचं काम केलंय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्या कितीतरी लोकांचे अंगठे खरंच उमटत नाहीत, रेशनच्या दुकानात मी डोळ्यांनी बघितलंय. मग ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केली. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांचे करार नोटरीच आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही.

साडेचार हजारांचं खोटं नंतर कळलं. ११ महिन्यांच्या भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, डिपॉझिटमुळे त्यात दहाएक रुपयांची भर. माझ्या आकड्यांना ती ४०० च्या आत बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर ऑनलाईनचा किरकोळ खर्च. दोन हजारसुद्धा होत नाहीत! आणि मुद्दा पैशाचा नाहीच. ऑनलाईन नोंदणीत अंगठा थेट आधारशी ताडला जातो, फोटो निघतो. ज्याचं आधारच दुसऱ्याचं त्याचा अंगठा लागेल कसा? अंगठा लागत नाही म्हणणाऱ्याला सांगा, लागेल तेव्हा ये.

पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून दलालाने ३०० रुपये वेगळे घेतले. ती माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर आपल्याला फुकट भरता येते. ३०० घेऊनही त्याने भरली नव्हती. त्याच्या बोर्डावर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मोठ्या अक्षरात होता, त्यालाही भुलू नका. तो नंबर नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी असतो, तयार घराच्या भाड्याशी त्याचा संबंध नाही.

चावी दिल्यावर आठवड्याने भाडेकरूचा फोन आला. ठेकेदाराच्या ऑफिसला घरभत्त्यासाठी इंडेक्स टूची, म्हणजे माझ्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, झेरॉक्स हवी. दिली. मग म्हणाला, मॅडम, लाईट बिलाचा मेसेज तुम्हाला येतो, तुम्ही मला पाठवता, तुम्हाला त्रास. मीच माझा नंबर टाकून घेतो. मला वाटलं, किती समंजस. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक माहीत असला की मोबाईल नंबर एसएमएसवर बदलतो. त्यानंतर माझ्या मीटरचे मेसेज त्याला जाऊ लागले.

एप्रिल, मे, जूनचं भाडं पाच तारखेच्या आत आलं. आणि जूनच्या शेवटी तो प्रसंग घडला, ज्यावरून मला अजून रात्री जाग येते.

एका डोहाळजेवणाला चालले होते, रिक्षा बिल्डिंगसमोरून गेली. सवयीने वर बघितलं. आमच्या गॅलरीत दोरीवर लहान मुलीचा फ्रॉक आणि शाळेचा युनिफॉर्म. निळा पिनाफोर, बेल्टसकट. चार इंजिनिअरांच्या घरात! रिक्षातूनच फोन लावला. तो हसत म्हणाला, बहीण आलीय मॅडम, मुलांना घेऊन, सुट्टीला. मी म्हटलं, बरं बरं, राहू दे.

सुट्टीला! शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. आणि सुट्टीला मामाकडे आलेली पोर युनिफॉर्म घेऊन येते का? जिने सगळा जन्म पहिली-दुसरीच्या वर्गात घालवला तिला हे उत्तर पुरतं कसं? पण रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलेली, मागून हॉर्न, हातात ओटीचं ताट, भाडं वेळेवर येत असलेलं. दुसऱ्या कुणालाही त्या घडीला काही सुचलं नसतं. जाऊबाई म्हणतात, मी असते तर वर जाऊन बघितलं असतं. त्यांनी बघितलं असतं म्हणे.

जुलैचं भाडं आलं नाही. फोन आधी वाजायचा, मग बंद. आम्ही दोघं गेलो तर दार एका बाईने उघडलं आणि मलाच विचारलं, "कोण पाहिजे, काकू?"

पुढचं तुम्हाला माहीत आहेच, हा प्रकार नवा नाही. त्याने स्वतःला माझा भाचा म्हणवून, माझ्या खोट्या सहीचं नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र दाखवून तोच फ्लॅट या कुटुंबाला दोन वर्षांसाठी ५,५०,००० हेवी डिपॉझिटवर दिला होता. भाडं शून्य. दोन लाख बँकेतून, साडेतीन लाख रोख. पुरावा काय, तर माझा इंडेक्स टू आणि त्याचा नंबर लागलेलं लाईट बिल. मला दिलेलं तीन महिन्यांचं भाडं म्हणजे त्याचं भांडवल. माझे ४०,५०० आणि डिपॉझिट ४०,००० घालून त्याने साडेपाच लाख उचलले. त्या कुटुंबातल्या माणसाने बायकोचे दागिने मोडले होते. वाईट वाटलं, पण साडेतीन लाख रोख देताना मालकिणीला एक फोन करावा असं त्यांना वाटलं नाही, याचा रागही आला. इंडेक्स टूवर माझं नाव होतं, सोसायटीत माझा नंबर होता.

आता पोलीस. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न: भाडेकरूची माहिती दिली होती का? नाही म्हटल्यावर, मग तुमच्यावरच कलम २२३ लागेल, सरकारी आदेश मोडल्याचं. फसवणाऱ्याचं नाव लिहून घ्यायच्या आधी मला कलम! मग, हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मग, नोटरी दुसऱ्या हद्दीत झाली, तिकडे जा. तिकडे म्हणाले, घर त्यांच्या हद्दीत आहे. मग साहेब बंदोबस्तात. मग साहेब बदलून गेले. आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे. शिक्षिकेच्या ग्रॅच्युइटीतले अडीच लाख लहान! कळस म्हणजे त्या कुटुंबाने माझ्याविरुद्धच अर्ज दिलेला, की भाचा-मावशी मिळून फसवतात. त्या अर्जावर मात्र मला दोन दिवसांत बोलावणं आलं, आणि हवालदाराने सगळ्यांसमोर विचारलं, खरं सांगा मॅडम, तुमचा वाटा किती?

खोटी सही, खोटं मुखत्यारपत्र, विश्वासघात, यात सिव्हिल काय आहे? वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं, दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्याला नोंदवून घ्यावा लागतो, हद्द नंतर बघायची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलंय. ठाण्याने नाही घेतलं तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी, पोस्टाने. तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. तोंडी काही सांगत बसू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माझा पहिला अर्ज शिक्क्याविना गेला आणि नंतर तो "मिळतच नाही".

मिस्टर म्हणाले, लाईट-पाणी तोडू, आपोआप जातील. वकिलांनी वेळेत अडवलं. भाडे नियंत्रण कायद्यात राहणाऱ्याचं पाणी-वीज तोडणं हा मालकाचाच गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची; नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं आपल्यावर, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार, असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली ताब्यासाठी अर्ज करता आला असता, दुप्पट भाड्याची मागणीही. नोटरीवाल्याला दिवाणी कोर्ट, म्हणजे माझ्या वयाला काय ते समजा.

शेवटी तडजोड. फेब्रुवारीअखेर घर सोडायला त्या कुटुंबाला १,२०,००० दिले. वकील ३५,०००. आठ महिन्यांचं बुडालेलं भाडं १,०८,०००, त्यातून डिपॉझिट वजा जाता ६८,०००. थकलेलं लाईट बिल ६,८४०. दलाली १३,५००, आणि ते ३००. मेंटेनन्स यात धरलेलाच नाही. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं शुल्क, लावले. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, सेक्रेटरीने दुप्पट लावले होते, ते भांडून कमी केले. तीच सोसायटी, जिच्या वॉचमनने टेम्पोभर सामान वर चढताना बघितलं आणि मला एक फोन केला नाही.

भाडेकरूला इंडेक्स टू कधीही देऊ नका. त्याचं आधार खरं आहे का बघायला त्यावरचा क्यूआर त्याच्या तोंडावर स्कॅन करा. सामान यायच्या दिवशी स्वतः हजर राहा, किती माणसं आली ती मोजा. करारात "पोटभाडेकरू ठेवणार नाही" आणि वर्षातून केव्हाही पाहणी, ही दोन वाक्यं घाला. वॉचमनच्या वहीत तुमचा नंबर आहे का बघा. हेवी डिपॉझिटवर घर घेणाऱ्यांनो, तुम्हीही मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटा, आणलेल्या भाच्याला नाही.

त्या कुटुंबाच्या साडेपाच लाखांवरून गुन्हा अखेर नोंदला गेला. माझं नाव त्यात साक्षीदार म्हणून. माझी फसवणूक गुन्ह्यात धरलेली नाही. पुरवणी जबाब घेऊ म्हणाले होते, आता सांगतात साहेब कुंभाच्या नियोजनाच्या बैठकीला आहेत, पुढच्या आठवड्यात या. दलालाचं दुकान चालू आहे. आणि मीटरवरचा मोबाईल नंबर कुणाचा आहे, ते आजच बघून घ्या.