त्रेनो गोत्तार्दो: गॉटहार्डच्या जुन्या मार्गावरची साधी गाडी

झुरिकहून दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या बेलिंझोनाला जाणारे बहुतेक पर्यटक गॉटहार्डच्या डोंगराखालच्या, २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून अंधारात पार होतात. तासाभराचा जादा वेळ हाताशी असेल, तर डोंगरावरच्या जुन्या मार्गाने जाणारी ‘त्रेनो गोत्तार्दो’ पकडा. तिकीट साधंच, आरक्षणाची सक्ती नाही, स्विस ट्रॅव्हल पासही चालतो.

डोंगराच्या उत्तर पायथ्याच्या एर्स्टफेल्ड स्थानकापुढे रॉइस नदीची दरी अशी आवळत जाते, की नदी, रस्ता, महामार्ग आणि रूळ एकमेकांना खेटून चालतात. पण खरी अडचण उंचीची. एर्स्टफेल्ड ४७२ मीटरवर, चढ संपतो ते गोशेनेन स्थानक ११०६ वर. चढ किलोमीटरला साधारण २६ मीटर ठेवलाय, म्हणजे ६३४ मीटर चढायला किमान २४ किलोमीटर रूळ हवेत. त्यात वाटेतल्या वासेन गावापाशी दरीचा तळ एकदम पायरीसारखा उंचावतो. सरळ जायला वावच नाही, म्हणून १८८२ च्या या मार्गाने लांबी डोंगराच्या पोटातून काढली.

फाफेनश्प्रुंगच्या दीड किलोमीटरच्या बोगद्यात गाडी पूर्ण गिरकी घेते. वाटिंगेनच्या बोगद्यात अर्धं वळून चक्क आलो त्या दिशेला, उत्तरेकडे धावू लागते. लेगीश्टाइनच्या बोगद्यात परत दक्षिणेला वळते. वासेनचं पांढरं चर्च आधी मान वर करून पाहायचं, मग जवळजवळ समोर, शेवटी खाली. प्रत्येक वेळी बाजू बदलते, तेव्हा खिडकीसाठी भांडू नका. दोन्हीकडे सरकता येईल असा रिकामा डबा बघा.

कड्याखालून जाणाऱ्या रुळांना दरडीचा धोका कायमचाच. जून २०१२ मध्ये गुर्टनेलेनला दरड कोसळून एक कामगार दगावला आणि मार्ग सुमारे महिनाभर बंद राहिला. निघण्याआधी त्या दिवशीची स्थिती पाहाच.

या गाडीची उणीव एकच: काचा उघडत नाहीत, फोटोत प्रतिबिंब येतं. फोटोच हवे असतील, तर हंगामी ‘गॉटहार्ड पॅनोरमा एक्स्प्रेस’मध्ये उघडणाऱ्या खिडक्यांचा डबा असतो, पण तिला पहिल्या वर्गाचं तिकीट आणि वर जादा आकार लागतो. नुसती दरी पाहायची तर तो खर्च नको.

वेळापत्रकाचं ॲप आपणहून नव्या बोगद्याची गाडी सुचवतं. ‘मार्गे’ या रकान्यात गोशेनेन टाका. वासेनला गाडी थांबत नाही. उतरायचंच असेल तर गोशेनेनहून बस आहे. आणि डोंगरापलीकडचं आइरोलो स्थानक गेल्यावर डोळे मिटू नका: पुढे बिआस्किनाच्या घळीत आपण ज्यावरून उतरणार ते रूळ खाली दिसतात.